शपथ वॉशिंग्टनला, भाव वणीला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी राजूरचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या आणि भोवताली कापसाची वावरं. अशा गावात राहून कविता लिहिणाऱ्या माणसानं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी.ए.ला तो एक विषय होता, एवढंच माझं भांडवल. पण आमच्या गावाला त्या देशाशी जोडणाऱ्या दोन गोष्टी रोज डोळ्यांसमोर असतात, कापूस आणि कोळसा. अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष आला की तिथं नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे या दोन गोष्टींकडे बघून बरंच कळतं. आज तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात जुन्या काळापासून करू. ६ नोव्हेंबर १८६० रोजी अब्राहम लिंकन निवडून आले. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, ही त्यांची भूमिका होती. दक्षिणेतल्या राज्यांचा सारा संसार कापसावर आणि कापूस गुलामांच्या घामावर. त्या काळी निवडणूक आणि शपथ यांच्यात चार महिन्यांचं अंतर असे. शपथ ४ मार्चला व्हायची. लिंकन यांनी शपथ घेण्याआधीच सात राज्यं फुटून निघाली होती आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना बहुतेक कापूस तिथूनच जात होता. तो थांबला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली, वऱ्हाडाकडे वळली.

वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. इंग्रजी अमदानीत आपला यवतमाळ जिल्हा पुढं बराच काळ वणीच्या नावानंच ओळखला जाई. युद्धाच्या काळात कापसाचे भाव असे चढले की ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली. वऱ्हाडातून जाणारी आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पण युद्ध तर १८६५ मध्येच संपलं होतं. भाव कोसळले आणि मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेला शेअर बाजाराचा फुगाही त्याच वर्षी फुटला. वऱ्हाडातल्या एकाही कास्तकारानं लिंकन यांचं नाव ऐकलं असेल की नाही, देव जाणे. पण त्यांच्या निवडीनं त्याच्या वावरातलं पीक बदललं.

मग प्रश्न पडतो, एका माणसाच्या हाती एवढी ताकद येते कुठून? आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतातून येतो. बहुमत गेलं की तोही जातो. अमेरिकेत तसं नाही. तिथं राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वेगळी निवडली जाते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेसमध्ये बहुमत दुसऱ्याचं, असं तिथं वारंवार घडतं. अशा वेळी कायदा पास करून घेणं म्हणजे खडकात विहीर खणण्यासारखं. मग राष्ट्राध्यक्षाच्या हाती उरते ती त्याची सही.

हल्ली शपथ २० जानेवारीला दुपारी होते. १९३७ पासूनची ही रीत. त्याच दिवशी नवी माणसं नेमायला सुरुवात होते. राष्ट्राध्यक्षाबरोबर सुमारे चार हजार राजकीय नेमणुका बदलतात आणि त्यातल्या हजाराहून अधिक जागांना सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे सरकार बदललं तरी सचिवालयातले अधिकारी बहुतांशी तेच राहतात. तिथं खात्यांचा वरचा थरच निघून जातो. आणि त्याच दिवशी आदेशांवर सह्या सुरू होतात. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, त्या एका दिवसात त्यांनी २६ कार्यकारी आदेश काढले.

सहीचा गुण असा की ती झटपट होते. दोष असा की ती तितक्याच झटपट पुसली जाते. पॅरिसच्या हवामान कराराचं बघा. २०१६ मध्ये ओबामांनी अमेरिकेला त्यात आणलं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी बाहेर पडण्याची घोषणा केली. २० जानेवारी २०२१ रोजी, शपथेच्याच दिवशी, बायडेन यांनी परत येण्याच्या कागदावर सही केली. २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा शपथेच्याच दिवशी, ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याची सही केली. दहा वर्षांच्या आत एकाच दारातून दोनदा आत, दोनदा बाहेर. तो करार इकडून तिकडे हलला, कारण तो सहीवर उभा होता.

प्रवासबंदीचंही तसंच. २७ जानेवारी २०१७ च्या आदेशानं सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी झाली. त्या यादीत भारत नव्हता. तरी त्या आठवड्यात गावातल्या दोघातिघांनी मला काळजीनं विचारलं, "भाई, आता तुमचं अमेरिकेला जाणं बंद झालं का?" मी म्हटलं, "बाबा, माझं वणीच्या पुढं जाणं एसटीच्या हाती आहे, ट्रम्पच्या नाही." आम्ही हसलो. पण ज्यांची बायको एका देशात आणि नवरा दुसऱ्या देशात अडकला, त्यांना ते हसण्यासारखं नव्हतं. कोर्टकज्जे झाले, आदेश दोनदा बदलला आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. २०२१ मध्ये बायडेन यांनी तो रद्द केला आणि जून २०२५ मध्ये बारा देशांची नवी यादी आली.

आता आपल्या कापसाकडे येऊ. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जगातल्या बहुतेक देशांच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असं मिळून ५० टक्के शुल्क बसलं. आता कुणी म्हणेल, वणीचा कापूस थेट अमेरिकेला थोडाच जातो? खरं आहे. पण कापसाचा प्रवास लांबचा असतो. वावरातून जिनिंगमध्ये, तिथून गाठी सूतगिरणीत, सुताचं कापड आणि कापडाचे कपडे. भारतातल्या तयार कपड्यांचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका. तिरुपूरच्या कारखान्याची ऑर्डर थांबली की सूतगिरणीची मागणी मंदावते आणि सूतगिरणी मंदावली की जिनवाला बैलगाडी बघून म्हणतो, "उद्या या."

दिल्लीनं कापडगिरण्यांना दिलासा द्यायचं ठरवलं. परदेशी कापसावर ११ टक्के आयातशुल्क होतं, ते १९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं होतं. पण तारखा बघा. कास्तकारानं जूनमध्ये बियाणं लावलं तेव्हा ११ टक्क्यांची भिंत उभी होती. पऱ्हाटी पात्याफुलावर आली तेव्हा भिंत पडली. वेचणी सुरू झाली तेव्हा परदेशी गाठींना दार सताड उघडं होतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि खासगी बाजारातले भाव त्याच्या खाली रेंगाळले. जगातलीच मंदी त्याला कारण होती, सगळं खापर एका शुल्कावर फोडता येणार नाही. पण वॉशिंग्टनच्या सहीचा धक्का दिल्लीनं गिरणीपाशी अडवला आणि तो घरंगळत वावरात गेला, हेही खोटं नाही.

ही झाली सहीची ताकद. आता तिची मर्यादा बघू, तीही कापसातच.

अमेरिकेचा कापूस जगात स्वस्त विकला जातो, त्यामागं तिथल्या सरकारचं अनुदान आहे. २००१-०२ च्या सुमाराला तिथं कापूस पिकवणारे जेमतेम २५ हजार शेतकरी होते आणि एका हंगामात त्यांना तीन अब्ज डॉलरहून अधिक अनुदान मिळालं. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळं देशभर गेलं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. या आत्महत्यांची कारणं अनेक आहेत. कर्ज आहे, पाऊस आहे, बोंडअळी आहे. पण भाव हे एक मोठं कारण आणि भाव पाडणाऱ्या गोष्टींत ते अनुदानही होतं.

ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली आणि ती जिंकली. राष्ट्राध्यक्ष होते धाकटे बुश. पुढं काय झालं? २००८ मध्ये काँग्रेसनं नवा शेती कायदा पास केला. शेतीवर एवढा पैसा नको म्हणून बुश यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसनं तो नकार दोनतृतीयांश मतांनी बाजूला सारला आणि कायदा केला. म्हणजे राष्ट्राध्यक्षाची इच्छा नव्हती, तरी अनुदान टिकलं. मग ओबामा आले. त्यांच्या काळात अमेरिकेनं ब्राझीलला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, पण आपलं अनुदान काही सोडलं नाही. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. त्याच वर्षीच्या शेती कायद्यात कापसाच्या अनुदानाचं रूप बदलून विम्याचं झालं. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या काळात कापूस पुन्हा जुन्या आधाराच्या यादीत आला. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्यानं कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंटवर नेला.

राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, अनुदान राहिलं. का राहिलं? कारण तिथं प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठं, सिनेटवर दोन जागा आहेत. टेक्सास, जॉर्जिया, मिसिसिपी ही कापसाची राज्यं. तिथले सिनेटर पक्ष कुठलाही असो, कापसाच्या बाजूनं उभे राहतात. सहीनं जे होतं ते सहीनं जातं. कायद्यात जे रुजतं, ते उपटायला फार माणसं लागतात. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांनी चीनशी व्यापारयुद्ध सुरू केलं, चीननं अमेरिकी कापसावर आणि सोयाबीनवर शुल्क लावलं, तेव्हा तिथल्या सरकारनं आपल्या शेतकऱ्यांसाठी दोन टप्प्यांत २८ अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली. धक्का त्यांनाही बसला, पण त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं.

तिसरी गोष्ट बाजाराची. तिच्यासाठी कोळशाकडे वळावं लागेल. आमच्या गावात वेकोलिच्या खाणीचं नाव घेतलं की प्रत्येकाला कुणी ना कुणी आठवतो, कुणाचे वडील, कुणाचा भाऊ. म्हणून २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्प कोळसा कामगारांना "तुमच्या खाणी पुन्हा चालू करतो" असं सांगत होते, ते मी कान देऊन ऐकलं होतं. त्यांनी ओबामांचे वीजकेंद्रांवरचे निर्बंध काढले, पॅरिसमधून पाय काढला, सगळं केलं. तरी २०२० मध्ये तिथलं कोळसा उत्पादन १९६५ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलं. त्या वर्षी कोरोना होता, पण घसरण आधीपासूनच चालू होती. खडकातून काढलेला नैसर्गिक वायू स्वस्त झाला होता आणि वीज कंपन्यांनी कोळसा सोडला. २००७ च्या सुमाराला तिथली जवळपास निम्मी वीज कोळशावर होत होती. २०२३ मध्ये ती १६ टक्क्यांवर आली. २०२५ मध्ये वायू महागला, विजेची मागणी वाढली, तेव्हा कोळशाची वीज थोडी वाढली. म्हणजे खाणीचं दार उघडताना आणि बंद करताना बाजाराचा हात राष्ट्राध्यक्षाच्या हातापेक्षा जड निघाला. खाणकामगाराला आशा दाखवणं सोपं असतं. निवडणूक कुठल्याही देशातली असो.

पण एक खुंटी अशी आहे की जिथं राष्ट्राध्यक्षानं टांगलेली गोष्ट त्याच्यानंतरही टांगलेली राहते. ती म्हणजे न्यायालय. तिथं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजूर करते आणि ते तहहयात असतात. ट्रम्प यांनी पहिल्या चार वर्षांत तीन न्यायाधीश नेमले. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल जून २०२२ मध्ये उलटला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बायडेन होते. पण निकाल फिरवणाऱ्या बहुमतात ते तिघेही होते. नेमणूक एका राजवटीत झाली, तिचं फळ दुसऱ्या राजवटीत आलं.

आणि न्यायाधीश नेमणाऱ्याचे नोकर नसतात, हेही दिसलं. आयातशुल्कासाठी ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा आधार घेतला होता. तिथल्या राज्यघटनेप्रमाणं कर लावण्याचा हक्क काँग्रेसचा. छोटे व्यापारी कोर्टात गेले. २० फेब्रुवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की त्या कायद्यानं असं शुल्क लावता येत नाही. बहुमतात ट्रम्प यांनी नेमलेले दोन न्यायाधीश होते. त्याआधी त्याच महिन्यात भारतावरचं शुल्क १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली होती. निकालानंतर ट्रम्प यांनी लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन नवं शुल्क जाहीर केलं. सही अशी सहजासहजी हार मानत नाही. पण तिलाही कायद्याचा आधार शोधावा लागला, ही गोष्ट लहान नाही.

राहिलं राजकारण. तिथं राष्ट्राध्यक्ष निवडून आल्यावर दोनच वर्षांनी प्रतिनिधिगृहाची निवडणूक असते. त्यात सत्तेतल्या पक्षाला फटका बसतो, हा जवळपास नियमच. १९९४ मध्ये क्लिंटन यांना बसला, २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या, २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षानं सभागृहच गमावलं. १९९८ आणि २००२ हे अपवाद. म्हणून नव्या राष्ट्राध्यक्षाला सगळं पहिल्या दोन वर्षांत उरकायचं असतं. ती घाई, ते सह्यांचे ढीग, याचं मूळ इथं आहे. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून याच सभागृहात निवडून गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मराठी बोलणारा एक माणूस तिथं उभा राहून सर्वांत बलवान माणसाला जाब विचारू शकतो, ही त्या व्यवस्थेची खासियत मानावी लागेल.

श्रोतेहो, तर अमेरिकेत सरकार बदलल्याची बातमी येईल तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. बदललं ते सहीनं की कायद्यानं? बाजार त्याच्या बाजूनं आहे की विरुद्ध? आणि कोर्टात ते टिकेल का? सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क आलं, तेव्हा कितीतरी मराठी घरांत रात्रभर दिवे चालू होते. त्या आईबापांनाही हे तीन प्रश्न उपयोगी पडावेत. घाबरून जाण्याऐवजी माणूस मग नीट चौकशी करतो.

वऱ्हाडातल्या कास्तकाराला वॉशिंग्टनमध्ये मत नाही. लिंकनच्या काळी नव्हतं, आजही नाही. तेव्हा तर त्याला कुठंच मत नव्हतं. आता आहे, यवतमाळात आहे, मुंबईत आहे, दिल्लीत आहे. टेक्सासच्या शेतकऱ्याला जे मिळालं ते कुठल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मेहेरबानीनं मिळालं नाही. त्यानं आपले सिनेटर धरून ठेवले आणि आपला भाव कायद्यात लिहून घेतला. आपला हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण तो मिळण्याचा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. आयातशुल्क पेरणीनंतर बदलायचं असेल तर कास्तकाराला आधी विचारलं पाहिजे, अशीही सक्ती कुठं नाही. जूनमध्ये तो ज्या भरवशावर बी मातीत टाकतो, तो भरवसा निदान वेचणीपर्यंत टिकावा, एवढं तरी आपण आपल्या निवडून दिलेल्या माणसांकडून लिहून घेतलं पाहिजे. परदेशातली सही आपल्या हाती नाही. इथला कायदा आहे.